दोन जावा, एक जिना

माझी आत्या जन्मभर तुलनाच करत राहिली, पण माणसांची नाही. आमच्या घराण्यात हा अपवादच म्हणायचा. बाकी सगळ्यांच्या सुट्ट्या अमक्याचा मुलगा सरस की तमक्याची मुलगी, याचा निकाल लावण्यात जायच्या. आत्या तेव्हा कोपऱ्यात बसून बारके स्क्रू पुसत असायची. तिचा विषय वेगळा होता. संगणकाच्या पोटात, पडद्यावरची चित्रं काढण्यासाठी जे ग्राफिक्स कार्ड बसवतात, तशी दोन कार्डं समोर ठेवायची आणि त्यांतलं कुठलं कोणाच्या कामाचं ते सांगायचं. हे एवढंच काम तिने एकाच दुकानात सव्वीस वर्षं केलं.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली चष्म्यांचं दुकान. वर जायला इमारतीच्या मागून एक उघडा, लोखंडी कठड्याचा जिना, बरोबर अठरा पायऱ्यांचा. शेजारच्या इमारतीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्या जिन्याला अगदी लागून गेलेल्या, त्यामुळे वर चढताना कोणाची तरी ओली चादर तोंडावर यायचीच. दुकानाचे मालक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आधी खाली डोळे तपासून घ्या, मग वर चित्र तपासायला या." हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल याची गणती नाही, आणि दर वेळी सगळ्यात आधी तेच हसायचे. आत्याला ते तागडीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि पाठीमागेही तेच, म्हणून आत्याला त्याचा राग नव्हता.

तागडीबाईंचं राज्य मागच्या खोलीत. तिथे एका लांब टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी मांडलेले. दोघांचा प्रोसेसर एक, मेमरी एक, पंखे सारखे, पडदे एकाच दिवशी आलेले. फरक काय तो त्यांत बसवलेल्या कार्डाचा. आत्याने त्यांची नावं ठेवली होती, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. "एका घरात राहतात, एकाच चुलीवरचं खातात," ती म्हणायची, "आता कोण किती काम करते ते स्वच्छ दिसेल."

मोजण्याआधी अर्धा तास ती खोलीची खिडकी बंद ठेवायची आणि भिंतीवरच्या तापमापीकडे बघत बसायची. मग दोन्ही जावांना तेच दृश्य काढायला द्यायचं. तीन वेळा. पहिली खेप धरायची नाही, कारण कार्ड तेव्हा आळसावलेलं असतं. पुढच्या दोन खेपांची सरासरी. त्यानंतर कार्डांची अदलाबदल करायची, थोरलीचं धाकटीत आणि धाकटीचं थोरलीत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. जागा बदलल्यावर निकाल बदलला, तर दोष कार्डाचा नाही, जावेचा. गिऱ्हाइकं कंटाळून खाली चष्मे बघून यायची, एकदोघांनी तेवढ्यात विकतही घेतले. चष्मेवाल्याचं आत्याशी फार चांगलं होतं.

निकाल भिंतीवर. जाड खाकी कागद एकाला एक चिकटवून केलेला तो तक्ता छतापासून टेबलापर्यंत यायचा. कार्डाची मेमरी किती, वेग किती, वीज किती खातं, तापतं किती, पंखा किती ओरडतो, सेकंदाला किती चित्रं काढतं, असे रकाने. पंख्याचा आवाज ती डोळे मिटून ऐकायची आणि 'कुजबुज', 'बडबड', 'भांडण' यांपैकी एक शब्द लिहायची. आणि सगळ्यात शेवटचा रकाना तिने स्वतःच्या डोक्याने घातलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'कोणासाठी'.

कुठलं कार्ड चांगलं, हे तिने कधीही कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर ती चष्मा कपाळावर चढवून म्हणायची, "चांगलं कुठलं ते राहू द्या, तुम्ही करणार काय ते सांगा." लग्नाचे फोटो सुधारणारा यायचा, घरांचे नकाशे काढणारा यायचा, नुसते खेळ खेळणारे यायचे. तिचा नियम एकच. स्वतःचं काम घेऊन या. तुमची फाइल, तुमचा खेळ, तुमचे नकाशे. ते दोन्ही जावांवर चालवून दाखवेन, आणि मग शेवटचा रकाना भरेन. तसं काम आणलं नाही, तर परत पाठवायची. मालक कपाळाला हात लावायचे, पण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काम घेऊन यायचं आणि पुढे आयुष्यभर तिथेच यायचं. सव्वीस वर्षांत हा नियम तिने एकदाच मोडला. माझ्यासाठी.

मी अठरा वर्षांची असताना तिच्याकडे राहायला आले. आमच्या घरी चित्रपटांच्या चित्रकामाला काम म्हणत नसत. बाबांनी हात टेकले आणि मला आपल्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या, स्वाधीन केलं. आत्या एकटी राहायची. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर डब्यांपेक्षा केबली जास्त. मी आले त्या दिवशी तिने कपाटाचे बरोबर अर्धे कप्पे रिकामे करून ठेवले होते. अर्धे म्हणजे अर्धे. मोजलेले होते, मला खात्री आहे.

मला ती ठमे म्हणायची. सकाळी डबा पिशवीत घालून नऊ वाजता निघायची आणि मी माझ्या जुन्या संगणकापुढे बसायचे. मला एका संस्थेत प्रवेश हवा होता. वर्षाला सोळाच जणांना घ्यायचे. अर्जासोबत स्वतः केलेला दोन मिनिटांचा छोटा चित्रपट द्यायचा, पूर्ण, सुरुवात आणि शेवटासह. त्या दोन मिनिटांत जवळजवळ एकोणतीसशे चित्रं होती आणि माझा संगणक एकेक चित्र काढायला बारा-पंधरा मिनिटं घ्यायचा. संध्याकाळी आत्या आली की विचारायची, "काय ठमे, आज किती?" मी म्हणायचे, "नव्वद." ती मान हलवायची, नळाखाली हात धुवायची, आणि पुढचं काही विचारायची नाही.

कारण मी तिला चित्रपट दाखवायचे नाही. ती खोलीत आली की पडद्यावर दुसरंच काहीतरी उघडायचे. तिला वाटत असेल, पोरीला लाज वाटते. खरी गोष्ट अशी होती की तो चित्रपट तिच्यावरच होता. एक बाई सकाळी घराचं दार ओढून घेते, पिशवी खांद्याला लावते, बसमध्ये खिडकीशी बसते, आणि शेवटच्या चाळीस सेकंदांत वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत एक लोखंडी जिना चढते. सातव्या पायरीवर थांबून श्वास घेते. आत्या तशीच थांबायची, अगदी सातवीवर, आणि कोणी बघितलं तर पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची. अठराव्या पायरीवर बाई पोहोचते, दार उघडतं, आत उजेड असतो. संपलं. प्रवेश मिळाला की मग दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

ते दिवस आठवले की मला अजून त्या घराचा वास येतो, तापलेल्या धुळीचा आणि साबणाचा. सकाळी गॅलरीत दोघी चहा प्यायचो. ती मला चष्मेवाल्याच्या गमती सांगायची, मी तिला बाबांच्या नकला करून दाखवायचे, आणि ती हसता हसता म्हणायची, "पुरे गं, दादा आहे तो माझा." त्या वर्षभरात मी जेवढी हसले तेवढी नंतर कधी हसले नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण एकोणिसाव्या वर्षी कोणाला काय कळतं.

अर्जाच्या मुदतीला आठवडा राहिला असताना आत्या दुपारीच घरी आली. हातात खोकं. "डोळे मीट," म्हणाली. मी उघडले तेव्हा माझ्या संगणकाचं झाकण निघालेलं होतं आणि ती गुडघ्यांवर बसून आत एक नवं कोरं, लाल पंख्याचं कार्ड बसवत होती.

ते कार्ड तिने कसं निवडलं, ते नंतर समजलं. दुकानात दोन प्रकारची कार्डं आली होती, एक लाल पंख्याचं, एक काळ्या पंख्याचं. तिने नेहमीप्रमाणे खिडकी बंद केली, तीन खेपा केल्या, अदलाबदल केली. दृश्य कुठलं? माझं नव्हतं. माझं मागितलं असतं तर भेट आहे हे फुटलं असतं. म्हणून तिने दुकानातलं नेहमीचं एक दृश्य घेतलं, सोफा आणि फुलदाणी असलेला एक दिवाणखाना. लाल कार्डाने तो सत्तर सेकंदांत काढला, काळ्याने शहाण्णव. लाल वेगवान, थंड, पंखा कुजबुज. काळं संथ, पंखा बडबड. एका बाबतीत मात्र काळं वरचढ होतं. त्याची मेमरी चार जीबी होती आणि लालची दोन. आत्याने विचार केला की पोरीची घाई वेगाची आहे. लाल घेतलं.

पहिले पाच दिवस मी हवेत होते. जिथे पंधरा मिनिटं लागायची तिथे एक मिनिट लागू लागलं. घर झालं, बस झाली. एवढा वेळ हाताशी आल्यावर मला अवदसा आठवली. मी जिन्यावरचं दृश्य अजून भरगच्च केलं. दोऱ्यांवर चाळीस कपडे टांगले, प्रत्येक कपड्याला वेगळी वीण, कठड्याला गंज, भिंतीला ओल. आत्या विचारायची, "कसं चाललंय लाल?" मी म्हणायचे, "पळतंय!" आणि ती इतकी खूश व्हायची की उगाच भांडी आवरायला लागायची.

शेवटचं दृश्य मी शेवटालाच ठेवलं होतं. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत नेऊन द्यायचा होता. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी जिना काढायला दिला, आणि कार्डाने एका ओळीत नकार दिला. मेमरी पुरत नाही. कार्ड कितीही वेगवान असलं, तरी चित्र काढायला लागणारं सगळं सामान आधी त्याच्या मेमरीत मावावं लागतं. माझा जिना दोन जीबीत मावत नव्हता. पुन्हा दिला. पुन्हा तेच. मी दुकानात फोन केला.

आत्याने फोन ठेवला. बस पकडून बारा वाजता आली, काळ्या पंख्याचं कार्ड रुमालात गुंडाळून पोटाशी धरलेलं. दाराशी चपलासुद्धा काढल्या नाहीत. एक वाजता जिना सुरू झाला. काळं कार्ड नकार देत नव्हतं, पण एका चित्राला दोन मिनिटं घेत होतं. चित्रं साडेनऊशे. आत्याने मनातल्या मनात हिशेब केला असणार, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. तसलं दुसरं कार्ड आदल्याच दिवशी विकलं गेलं होतं, नाहीतर दोन्ही जावांना कामाला लावता आलं असतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता पडद्यावर सातशे ऐंशी चित्रं होती. आता निघालो तरच संस्थेत वेळेत पोहोचणार. माझी बाई पंधराव्या पायरीवर होती. दार उघडायला अजून एकशे सत्तर चित्रं, म्हणजे पावणेसहा तास. अर्धा चित्रपट ते घेत नसत.

मी तिथेच, पडद्यासमोर उभी राहून आत्याला बोलले. आमच्या घराण्याचा राग सगळा माझ्याकडे आलेला आहे. "दुनियेला विचारतेस," मी म्हणाले, "काय करणार, काय करणार. मला एकदा तरी विचारलंस? तुला माणसं कळत नाहीत, तुला फक्त आकडे कळतात. संपला माझा पिक्चर. कोणी पाहिला नाही, आणि आता कोणी पाहणारही नाही."

ती म्हणाली, "ठमे, थांब जरा."

मी थांबले नाही. कपड्यांची पिशवी भरली, मैत्रिणीच्या खोलीवर गेले. संगणक चालूच होता. तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी मी उरलेलं सामान घ्यायला आले. किल्ली हवी होती म्हणून दुकानात गेले, आणि मागच्या खोलीच्या दारातूनच तो तक्ता दिसला. लाल आणि काळ्या कार्डाची ओळ. सगळे आकडे तिच्या नेटक्या अक्षरात. आणि शेवटच्या रकान्यात, 'कोणासाठी' या शब्दाखाली, लाल शाईने लिहिलेलं: 'जिच्यासाठी घेतलं तिलाच विचारलं नाही. चूक माझी.' गिऱ्हाइकं ते वाचत होती. एकाने विचारलं आणि आत्या त्याला शांतपणे सगळी हकीकत सांगत होती. जिच्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, ती स्वतःच ठेवत होती. मला वाटलं, बरं झालं. हो, तेव्हा मला तसंच वाटलं. लपवून काय उपयोग.

पुढच्या वर्षी मी दुसरा चित्रपट करून त्याच संस्थेत गेले. आणि दुसऱ्याच आठवड्यात, एका शिक्षकाने फळ्यावर खडूने दोन चौकोन काढून समजावलं, की दृश्य कार्डात मावत नसेल तर कपड्यांच्या विणीसारखी बारीक चित्रं निम्म्या आकाराची करून टाकायची. डोळ्याला फरक कळत नाही आणि मेमरी चौथाई लागते. वीस मिनिटांचं काम. मी वहीत लिहून घेतलं, आणि मग माझा हात थांबला. गुरुवारी सकाळी दहाला मी हे केलं असतं, तर लाल कार्डाने माझा जिना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहज काढून दिला असता. मुदत चुकवली होती ती मी, माझ्या चाळीस कपड्यांच्या हौसेने.

हे आत्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आधी लाज, मग काम, मग इतकी वर्षं गेली की आता काय सांगायचं, असं. भेटायचो आम्ही. घरी यायची, मी जायचे, हसायचो, बाबांच्या नकला व्हायच्या. पण दुकानाच्या मागच्या खोलीत मी बारा वर्षं पाऊल टाकलं नाही. तिथे भिंतीवर माझ्या वाटची चूक तिच्या नावाने टांगलेली होती. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते मी अकरा वर्षं केलं.

मग या वर्षी मालकांचा फोन आला. दुकान बंद करताहेत. लोक आता घरबसल्या फोनवर तुलना वाचतात आणि कार्ड दारात येतं. "तागडीबाईंचा शनिवारी शेवटचा दिवस," ते म्हणाले. "तुम्ही याल का?"

मी गेले. खालचा चष्मेवाला म्हातारा झाला होता, त्याने मला ओळखलं नाही, स्वतःच्याच दुकानातला चष्मा लावूनही. जिन्यावर कोणाची तरी ओली चादर तोंडावर आली. सातव्या पायरीवर मी थांबले. दम लागला म्हणून नाही. आता बोलायचंच, असं स्वतःला बजावायला.

मागच्या खोलीत खिडकी बंद होती. आत्या टेबलापाशी, केस पांढरे, चष्मा कपाळावर. "आलीस? बस. अर्धा तास बोलू नकोस," म्हणाली. टेबलावर दोन्ही जावा होत्या, म्हणजे त्या नव्हेत, मधल्या काळात तीनदा बदललेल्या, पण नावं तीच. खुर्चीत एक उंच गृहस्थ बसले होते. घरांचे नकाशे काढतात, त्यांनी आपणहून सांगितलं, आणि हे त्यांचं चौथं कार्ड.

"यांचे नकाशे झाले मोजून," आत्या म्हणाली. "आता माझं दृश्य." आणि तिने दोन्ही पडद्यांवर एकदम बटण दाबलं.

एक बाई घराचं दार ओढून घेत होती.

मी उभीच राहिले. पिशवी, बस, खिडकी. नवी कार्डं ती चित्रं काढून साठवत बसत नव्हती, डोळ्यांसमोर काढत होती आणि चालवत होती. कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं, तो आकडा थरथरत होता. डावीकडे एक बाई, उजवीकडे तीच बाई. मग जिना आला. चाळीस कपडे, प्रत्येकाची वीण वेगळी. दोन्ही बायका एकदम चढायला लागल्या.

"आता बघा हं," ते गृहस्थ मला म्हणाले, "सातव्या पायरीवर हिचा पाय जरा आत रुततो." आणि रुतला. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडून राहिलेली ती चूक मला आजवर दिसलीच नव्हती. "मी सातव्यांदा बघतोय," ते म्हणाले. "आधीच्या प्रत्येक कार्डाच्या वेळी दोनदा पाहिलंय, हे चौथं. आणि माझ्या मुलीला तर ती थांबते ते फार आवडायचं. या बाईच आहेत ना त्या?"

"मी कसली," आत्या म्हणाली. "ती माझ्यापेक्षा सरळ चालते."

दोन्ही बायका अठराव्या पायरीवर पोहोचल्या. दार उघडलं. आत उजेड होता. मी तो उजेड आखला होता, पण कधी पाहिला नव्हता. तो निघण्याआधीच मी पिशवी भरून गेले होते.

आत्याने कार्डांची अदलाबदल केली, पुन्हा चालवलं, आकडे लिहिले, शेवटचा रकाना भरला. गृहस्थ हात जोडून गेले. मग मी दाराकडे तोंड करून, एका दमात, सगळं सांगून टाकलं. विणीची चित्रं, निम्मा आकार, वीस मिनिटं. चूक तुझी नव्हती, माझी होती, आणि मला अकरा वर्षं माहीत होतं.

ती तक्त्याचे कोपरे सोडवत होती. "मला तिसऱ्याच दिवशी कळलं," म्हणाली. "तू गेलीस, संगणक चालूच होता. रात्रीपर्यंत त्याने उरलेलं काढलं. रविवारी मी बसले आणि तुझे कपडे लहान करून बघितले. लाल कार्डात नीट बसला जिना."

"मग बोलली का नाहीस? उलट भिंतीवर लिहून ठेवलंस, चूक माझी."

"नीट वाचलंस का काय लिहिलंय ते?" तिने कागद माझ्यापुढे धरला. शाई फिकी झाली होती. "मेमरीबद्दल एक शब्द आहे का त्यात? विचारलं नाही, असं लिहिलंय. ते खरंच आहे. तुझी चूक तुझ्याकडे, माझी माझ्याकडे. दोन वेगळ्या वस्तू आहेत, ठमे. त्यांची तुलना करत नाहीत."

मला रडू आलं. मी रडले. तिने मला तिचा काचा पुसायचा रुमाल दिला, त्याला सफाईच्या द्रवाचा वास होता.

"तू म्हणाली होतीस ना," ती म्हणाली, "कोणी पाहणार नाही म्हणून. त्याच सोमवारी तुझा पिक्चर दुकानात नेला आणि मोजायचं ते दिवाणखान्याचं दृश्य बंद केलं. तेव्हा या बाईला एकेक पाऊल टाकायला दोन मिनिटं लागायची, तर तीन-चार चित्रं काढून मोजायचे आणि मग तयार पिक्चर लावून रंग बघायचे. पुढे कार्डं सुधारली. गिऱ्हाइकाचं काम मोजून झालं की हे सगळ्यांना. एक हजार तीनशे सहा जोड्या झाल्या आजपर्यंत." तिने तक्ता गुंडाळायला घेतला. "प्रत्येकाने दोनदा. सोबत आलेले वेगळे. चष्मेवाला तर जेवणाच्या सुट्टीत यायचा."

मी आज या धंद्यात नाव असलेली बाई आहे. माझं काम मोठ्या पडद्यावर लागतं, लोक ते एकदा बघतात आणि खुर्च्यांमधून उठून जातात. आणि इथे, या बंद खिडकीच्या खोलीत, माझी पहिली फसलेली दोन मिनिटं बारा वर्षं चालत होती.

"आणि तुला?" मी विचारलं. "तुला कसा वाटला?"

तिने डोळ्यांवर चष्मा ओढला आणि टेबलाकडे बघितलं. "मला कुठे सवड होती गं," ती म्हणाली. "माझी नजर कायम त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर."

मग तिने खिडकी उघडली. धाकट्या जावेचा पडदा बंद केला, खुर्ची ओढून थोरलीसमोर बसली आणि शेजारी माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं.

"तो आकडा काढून टाक," आत्या म्हणाली. "आणि लाव."